कांबळीकाकांची मखमल

सकाळचे डबे भरून होतात न होतात तोच आमच्या जिन्यात हाक यायची, "ओलं काय आहे?"

बिल्डिंगमध्ये नव्याने राहायला आलेल्या बायका या हाकेला हमखास फसायच्या. खारदांड्याहून कोणी ओले बोंबील घेऊन आलंय असं समजून ताट हातात घेऊनच दार उघडायच्या. दारात उभे असायचे पहिल्या मजल्यावरचे कांबळीकाका. उंच, काटकुळे, अंगात बाह्यांची गंजी, पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा आणि हातात रिकामी बादली.

"मासळी नाही हो. धुणं. ओलं धुणं आहे काय घरात? असलं तर टाका बादलीत. आमच्याकडे वाळत घालू या."

मुंबईत कोणी कोणाला एक वेळ पाण्याची बादली देईल, पण कपडे वाळत घालायला जागा देणार नाही. मुलुंडची आमची बिल्डिंग त्याला अपवाद नव्हती. दोन खोल्या, त्यात छताला टांगलेल्या लोखंडी दांड्या, आणि जेवायला बसलं की कोणाच्या तरी शर्टाच्या बाहीतून वरणात टपकणारं पाणी. अशा ठिकाणी एक माणूस आपण होऊन दारात येतो आणि ओले कपडे मागतो, तेव्हा पहिला विचार येतो तो त्याच्या डोक्याविषयी. मलाही तोच आला होता. मी त्यांच्या डोक्यावरच, दुसऱ्या मजल्यावर राहायची, म्हणून मला खुलासाही सगळ्यांच्या आधी मिळाला.

"मखमलीला लागतं गो, सुमन," काका म्हणाले. "हवेत ओल नसली तर तिचा जीव घुसमटतो."

मखमल म्हणजे त्यांची वेल.

काकांचा पुतण्या चंदू मालवाहू बोटीवर होता. दक्षिण अमेरिकेतल्या कुठल्याशा बंदरात त्याने या वेलीचं बोटभर कांड मिळवलं आणि ओल्या मोज्यात गुंडाळून, दाढीच्या सामानात लपवून थेट मुलुंडला आणलं. वेलीचं खरं नाव लांबलचक होतं. चंदूने ते काकांना पाठ करवलं होतं, पण काकांनी पहिलं पान उलगडलेलं पाहिलं आणि नाव बदलून टाकलं. पान होतंच तसं. उलगडताना तांब्याच्या घासलेल्या भांड्यासारखं लालसर, आणि मग हळूहळू काळपट हिरवं होत जाणारं, त्यावर पांढुरक्या शिरा. हात लावला तर खरोखर मखमलीवर लावल्यासारखा वाटायचा. अर्थात हात लावायला परवानगी नव्हती. मी एकदाच चोरून लावलेला आहे.

काका विक्रोळीच्या एका कारखान्यात बॉयलरवर होते. निवृत्त झाले तरी वाफ, ओल, उष्णता हे त्यांचे आवडीचे विषय राहिले. गाव वेंगुर्ल्याकडचं. तिथे त्यांच्या वडलांच्या बागेत सुपारीच्या झाडांवर मिरवेली, म्हणजे काळ्या मिरीच्या वेली, चढवलेल्या असत. त्या बागेत वाढल्यामुळे काकांना चढणाऱ्या वेलीचा स्वभाव पुरता ठाऊक होता. मखमलीसाठी त्यांनी एका उंच बांबूला नारळाची सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, बांधली होती. देवळाजवळच्या नारळवाल्याकडून ती पोतंभर आणत. वेल त्या सोडणांना सुंभाने अलगद बांधायची, कांड्यातून मुळं फुटून सोडणात शिरली की सुंभाची गाठ सोडायची आणि वरच्या पेराला बांधायची. गाठ वेळेवर सोडली नाही तर वेलीच्या गळ्याला तीच फास होते, असं ते मला दर आठवड्याला सांगत, आणि मी दर आठवड्याला प्रथमच ऐकल्यासारखं ऐकत असे.

"मूळ धरू दे" हे त्यांचं सगळ्या गोष्टींवरचं उत्तर होतं. गॅसचा सिलिंडर नंबर लावूनही येत नाही? मूळ धरू दे. दामल्यांचा मुलगा तीनदा मॅट्रिकला बसला? मूळ धरू दे. तिसऱ्या मजल्यावर वर्षा नावाची नवी सून आली होती, तिचं सासूशी पटेना. ती जिन्यात रडत बसलेली काकांना दिसली, तेव्हा तिलाही तेच सांगून ते बादली घेऊन वर गेले. मोठ्या निर्णयांसाठी दुसरं वाक्य होतं, "मखमलीला विचारून सांगतो." लग्नाची पत्रिका घेऊन आलेल्या माणसालाही हेच ऐकावं लागे. लोक आधी हसत, मग चिडत, आणि शेवटी आमच्यासारखे सवयीने गप्प बसत.

त्यांच्या हॉलमध्ये छताचा पंखा होता, पण तो कधी फिरत नसे. पंख्याने मखमलीचं अंग सुकतं. उदबत्ती लावायची नाही, तिला ठसका लागतो. मिरचीची फोडणी स्वयंपाकघराचं दार लावून. नव्या पानावर पाणी उडवायला त्यांनी एका न्हाव्याकडून त्याची फवाऱ्याची बाटली मिळवली होती, आणि ती मारताना ते चक्क "मान खाली घे" असं वेलीला म्हणत.

आणि पापड. पापडाशिवाय कांबळीकाकांचं वर्णन पुरं होणार नाही. वेलीशेजारी दोऱ्याला एक भाजलेला उडदाचा पापड टांगलेला असायचा. हवेतली ओल मोजायचं हे त्यांचं यंत्र. पापड मऊ पडला तर हवा उत्तम, कडक राहिला तर हवा कोरडी. कोणी शंका काढली की ते त्याला हॉलमध्ये नेत, पापडाचा कोपरा मोडून दाखवत. कट्ट! "ऐकलंस? हवेत थेंबभर पाणी नाही. कसं जगायचं तिने?" मग समोरचा घरी जाऊन मुकाट्याने ओली चादर घेऊन येई.

पावसाळ्यात तर पापडाचीही गरज नव्हती. सगळी बिल्डिंगच त्यांच्या हॉलमध्ये लटकलेली असायची. पण काकांचा खरा जोर थंडीत आणि उन्हाळ्यात. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी दोऱ्या बांधल्या होत्या. नियम एकच. बादली काका नेणार, पण कपडे ज्याचे त्याने येऊन वाळत घालायचे. "माझे हात बॉयलरवाल्याचे, साडी टरकवीन मी," असं म्हणून ते बाजूला होत. पंखा बंद असल्यामुळे कपडे वाळायला वेळ लागायचा. मग वाळले का ते बघायला एक फेरी, काढायला एक फेरी, राहिलेली उशीची खोळ न्यायला आणखी एक. पण आपल्या ताटात पाणी टपकत नाही यातच आम्ही खूश होतो.

त्याच हॉलमध्ये खिडकीशी शालिनीकाकूंची खाट होती.

काकूंविषयी थोडं सांगायला हवं. आमच्या बिल्डिंगला भिंती ठेकेदाराने बांधल्या असतील, पण ती उभी होती काकूंच्या आवाजावर. कोणाकडे बाळंतपण असो, कोणाला ताप भरो, काकू तिथे जाऊन बसायच्या. आमच्या नळावरची भांडणं त्या वरच्या मजल्यावरून मिटवत, खाली न उतरता. मे महिन्यात गच्चीवर पापड लाटायला सगळ्या बायका जमायच्या त्या काकूंच्या हुकमाने, आणि एखादीचा पापड जाड झाला तर तो तिलाच परत लाटायला लागे. अशा बाईला एका सकाळी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. मुलगा मस्कतला, तो आला, महिनाभर राहिला आणि गेला. घरात दोघंच उरली.

सुरुवातीला आम्ही सगळ्या गेलो. कोणी शहाळं नेलं, कोणी सफरचंद. काकूंनी एकीकडेही पाहिलं नाही. आम्ही आत शिरलो की त्या भिंतीकडे तोंड करायच्या आणि आम्ही उठेपर्यंत तशाच राहायच्या. "कशा आहात काकू?" असं विचारलं की डोळे मिटून घ्यायच्या. अशा ठिकाणी माणूस किती दिवस जाणार? हळूहळू सगळ्यांचं जाणं कमी झालं. काका त्यांना पेज भरवत, त्या दोन चमचे घेऊन ओठ मिटत. ते सगळं मला वरून ऐकू यायचं, म्हणजे काकांचंच बोलणं ऐकू यायचं. काकूंचा आवाज मी कितीतरी महिने ऐकला नव्हता.

मग चंदू वेल घेऊन आला, आणि काका बादली घेऊन निघाले.

काकूंचा आवाज मी पुन्हा पहिल्यांदा ऐकला तो माझ्याच साडीमुळे. मला शाळेत शिकवायला जायची घाई होती. मी साडी दोरीवर फेकली आणि वळले. मागून घोगरा, अडखळता आवाज आला, "टोकां."

मी दचकून पाहिलं. काकू डाव्या हाताने साडीकडे बोट दाखवत होत्या. कपाळावर आठ्या. "टोकां... जुळव."

मी टोकं जुळवली. काका वेलीवर पाणी फवारत होते. त्यांना काहीच ऐकू आलं नसावं, कारण ते एकाच पानावर पुन्हा पुन्हा फवारत राहिले.

त्यानंतर काकूंना जे तोंड फुटलं ते फुटलंच. आधी शब्द, मग अर्धी वाक्यं, मग पुरती खरडपट्टी. वर्षाच्या पांढऱ्या कपड्यांना नीळ जास्त झाली. माझ्या चादरीला साबण राहिला. चौकटीचा शर्ट उलटा करून घालावा हे कोणाच्या आईने कोणाला शिकवलं नाही. बायका कपडे घालता घालता हसायच्या, उलट उत्तरं द्यायच्या, मग खाटेच्या कडेवर टेकून सासूचं गाऱ्हाणं सांगायच्या. वर्षा तर रोज यायची. तिच्या घरी एवढे कपडे तरी कुठून निघतात असा मला प्रश्न पडे. टेबलफॅनचं तोंड काकूंकडे, ओल्या साड्यांचे पडदे चहूबाजूंनी, मधे काकू, आणि वर छताकडे निघालेली मखमल. नवं पान उलगडायच्या बेतात असलं की काका जिन्यात उभे राहून वर्दी द्यायचे आणि आम्ही सगळ्या बघायला धावायचो. काकू पेजेवरून भातावर आल्या होत्या. डाव्या हाताने जेवायला लागल्या होत्या.

असं सगळं झकास चाललेलं असताना आमचे सेक्रेटरी दामले यांच्या मनात सुधारणा आली.

दामले मनाने वाईट नव्हते. पण त्यांना स्वच्छ, सरळ रेषेत असलेल्या गोष्टी आवडायच्या. वार्षिक सभेत त्यांनी ठराव मांडला की गच्चीवर लोखंडी खांब उभारून नायलॉनच्या दोऱ्या लावाव्यात आणि वर पत्र्याची शेड घालावी, म्हणजे बारा महिने कपडे वाळवता येतील. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. तेवढ्यात मागच्या खुर्चीवरून कांबळीकाका उठले.

"माझी हरकत लिहून घ्या."

"कारण?" दामल्यांनी पेन उघडलं.

"गच्चीवर कावळे फार आहेत."

"शेड घालतोय ना."

"संक्रांतीला मांजा अडकतो. कपडे फाटतात."

"कांबळी, खरं कारण सांगा."

काका क्षणभर घुटमळले. "मखमल. सगळे कपडे वर गेले तर ती जगणार नाही."

सभा हसून हसून लोळली. दामले शांतपणे म्हणाले, "सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट तुमच्या नावावर आहे, वेलीच्या नाही. तिला मत देता येणार नाही." ठराव पास झाला. हसणाऱ्यांत एक काका सोडून सगळे होते. ते उभेच राहिले होते, आणि त्यांचा चेहरा बघून माझं हसू आपोआप थांबलं. झाडासाठी माणूस एवढा पडेल तोंडाने उभा राहील असं मला वाटलं नव्हतं.

शेड झाली आणि उत्तम झाली, हे कबूल केलं पाहिजे. सकाळी टाकलेली चादर दुपारच्या चहापर्यंत कडकडीत. बायका सरळ वर जाऊ लागल्या. काकांची हाक अजून यायची, "ओलं काय आहे?" आणि प्रत्येक दारातून एकच उत्तर मिळायचं, "गच्चीवर टाकलं, काका." बादली रिकामी परत जायची. वर्षा मला म्हणाली, "सुमनताई, मी सहज डोकावले तर काकूंनी परत भिंतीकडे तोंड केलं ना. बोलल्याच नाहीत." मी शिरा घेऊन गेले, तर माझ्याशीही तेच. वाटी तशीच राहिली. काकांना विचारलं, "काकू जेवतात ना नीट?"

"तिचं सोड. मखमलीचं बघ," काका म्हणाले. "वाट लागली गो तिची."

मी वेलीकडे पाहिलं. वेल दिसतच नव्हती. काकांनी तिला वरपासून खालपर्यंत दोन पंचे गुंडाळले होते.

"बघू नको," ते घाईघाईने आडवे आले. "बघवणार नाही तुला. हे बघ." आणि त्यांनी पापडाचा कोपरा मोडला. कट्ट!

मला फार वाईट वाटलं. माणूस एवढा जीव लावतो आणि आपण दोन चादरी देऊ नयेत? पण मी मास्तरीण. चादरी देण्याऐवजी मी तज्ज्ञ आणायचं ठरवलं. आमच्या शाळेतल्या एका बाईंची मावशी, गोगटेबाई, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या आणि घाटकोपरला राहणाऱ्या. रविवारी त्यांना घेऊन मी काकांच्या दारात उभी राहिले. बरोबर वर्षा होतीच. आणि दामलेही आले, वेल मेली तर त्याला सोसायटी जबाबदार नाही हे वेळीच स्पष्ट व्हावं म्हणून.

काकांनी दार उघडलं आणि आम्हाला बघून त्यांचा चेहरा उतरला.

"आज नको. आज तिला बरं नाही."

"म्हणून तर आले," असं म्हणून गोगटेबाई आत शिरल्या. ठेंगण्या, स्टार्चची साडी, पर्समध्ये भिंग. त्यांची नजर आधी पापडावर गेली. मी पापडाचा उपयोग समजावून सांगितला. त्यांनी तो दोऱ्यावरून काढून हातात घेतला.

"हा गरम आहे."

काका घाईघाईने वेलीवरचे पंचे सारखे करू लागले.

"अहो, गरम आहे हा पापड," गोगटेबाई म्हणाल्या. "आत्ता भाजून लावलाय. मुंबईत मिठाच्या बरणीला पाणी सुटतं, इथे तासभर टांगलेला पापड कडक राहील होय?"

"हवाच गरम आहे," काका कसंबसं म्हणाले.

बाईंनी भिंग काढलं आणि काका "अहो, अहो" म्हणेपर्यंत दोन्ही पंचे खाली ओढले.

मी त्या वेलीची डझनावारी पानं पाहिली होती, पण असं पान नाही. माझ्या कोपरापासून बोटांच्या टोकांपर्यंत लांब, काळंभोर, मऊ, शिरा चांदीच्या तारेसारख्या. आणि त्याच्या वर आणखी एक, नुकतं उलगडलेलं, तांब्याच्या रंगाचं. वेल मरायला टेकली नव्हती. वेल मजेत होती. ती इतकी सुंदर पूर्वी कधीच दिसली नव्हती, आणि ज्या माणसाने प्रत्येक पानाची जिन्यात दवंडी पिटली होती, त्याने हे पान पंच्यात लपवून ठेवलं होतं.

"कोणाची वाट लागली म्हणालात?" गोगटेबाई हसायला लागल्या. "कुंडीत एवढं मोठं पान मी आयुष्यात पाहिलं नाही. आधार कोणी बांधला हा? गाठी किती हलक्या आहेत."

"मीच. आमच्याकडे मिरवेल असते."

"म्हणजे या ओल्या कपड्यांची गरजच नव्हती?" दामल्यांनी मुद्द्याला हात घातला.

"काडीची नाही. उलट खालच्या पानांवर हे डाग बघा, साबणाच्या थेंबांचे. वरची पानं स्वच्छ आहेत. कपडे बंद झाले म्हणून खुशीत आहे ती." मग त्या काकांकडे वळल्या. "मिरवेलीत वाढलेला माणूस तुम्ही. तुम्हाला हे कसं..."

त्या थांबल्या. त्यांनी हॉलभर बांधलेल्या रिकाम्या दोऱ्या पाहिल्या. मग खाट पाहिली, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या काकू पाहिल्या. "कुंडी मात्र आता मोठी घ्या हं," एवढं बोलून त्यांनी पर्स बंद केली.

दामले त्यांना सोडायला खाली गेले. वर्षा वर आपल्या घरी गेली. मी जिन्यात थांबले. मला राग आला होता. आपल्याला इतके दिवस बनवलं आणि वर मीच तज्ज्ञ आणून तोंडघशी पडले. काका दार ओढून घेऊन बाहेर आले.

"काका, तुम्हाला सगळं माहीत होतं."

"होतं."

"मग हे नाटक कशाला?"

दार नीट लागलंय ना, ते त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं. मग अगदी हळू, आत ऐकू जाऊ नये असं बोलले. "ती पडली तेव्हा तुम्ही सगळ्या आलात. तिने एकीकडे तरी बघितलं? आजारी माणसाला बघायला आलेलं माणूस तिला सोसत नाही गो. जन्मभर दुसऱ्यांच्या खाटेशी बसलेली बाई ती. स्वतःच्या खाटेशी कोणी बसलं की तिला मेल्यासारखं होतं. पण कपडे वाळत घालायला आलेल्या बाईवर तिला ओरडता येतं."

"आम्हाला सांगायचं ना सरळ."

"सांगितलं असतं तर तुम्ही तिच्यासाठी आला असता. ते तिला लगेच कळलं असतं. मखमलीसाठी आलात, म्हणून चाललं."

ज्या माणसाला आम्ही वेडा म्हणून इतके दिवस हसत होतो, तो भर सभेत सगळ्यांचं हसू झेलत उभा राहिला आणि खरं कारण त्याने तोंडातून काढलं नाही. मी घरी न जाता तिसऱ्या मजल्यावर गेले आणि वर्षाला सगळं सांगितलं. ती पोर ऐकता ऐकता रडायलाच लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात हाक आली नाही.

मी बादली शोधली. घरात एकही ओला कपडा नव्हता, सगळं आदल्या दिवशीच गच्चीवरून वाळून आलं होतं. मग मी कपाटातून एक सुती साडी काढली, मोरीत नेऊन नळाखाली धरली आणि बादलीत टाकून निघाले. जिन्यात वर्षा भेटली. तिने न पिळताच आणलेल्या चादरीचं पाणी तिसऱ्या मजल्यापासून ओघळत आलं होतं. दामल्यांच्या दारावरून जाताना ते बाहेर आले.

"जिन्यात पाणी कोणी सांडलं?"

त्यांनी वर्षाच्या चादरीकडे पाहिलं, माझ्या बादलीकडे पाहिलं. मग आत गेले आणि एक ओला पंचा घेऊन आले. "जाताय तर हा तेवढा घेऊन जा," म्हणाले, आणि दार लावून घेतलं. गोगटेबाई त्यांच्याशी खाली जाताना काय बोलल्या, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

कांबळीकाकांनी दार उघडलं. "अगो, काल बाईंनी सांगितलं ना, तिला नको म्हणून?"

"तिच्यावर थेंब उडणार नाहीत असे घालतो," मी म्हटलं. "इकडे, खिडकीच्या बाजूला. गच्चीवर कावळे फार झालेत, काका. तुम्हीच म्हणाला होता."

काकांनी माझ्या हातातली बादली घेऊन दोरीखाली ठेवली. मग "चहा ठेवतो" म्हणून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. भांड्यांचे आवाज मात्र येत होते, दोन कप चहाला लागतात त्याहून पुष्कळ जास्त.

वर्षाने चादर टाकली. मी खाटेजवळच्या दोरीवर साडी घालायला लागले. काकूंनी मान वळवली. साडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि डाव्या हाताने जवळ बोलावलं. मी वाकले.

"ही साडी धुतलेली नाय," त्या कुजबुजल्या. "भिजवलेली आसा. इस्त्रीची घडी दिसता."

मी चोरासारखी उभी राहिले. काकूंच्या डाव्या गालावर हसू आलं. उजवा गाल हलत नसे.

"आणि तो पापड. रोज सकाळी शेगडीर पापड भाजतत. माका काय वास येणा नाय?"

"काकू, म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

स्वयंपाकघरात कपबशी वाजली. काकूंनी तिकडे नजर टाकली आणि माझं मनगट धरलं. त्या हातात चांगलाच जोर होता.

"ह्येंका सांगू नको," त्या म्हणाल्या. "इतकी मेहनत घेतली त्यांनी."

मग मनगट सोडून, स्वयंपाकघरापर्यंत पोचेल अशा आवाजात त्या माझ्यावर ओरडल्या, "टोकां जुळव गो! कितीदा सांगायचा तुका?"

मी साडीची टोकं जुळवली.